देवाची काहिल

हात जोडून झाले? बरं. आता पाय आवरा, शेजाऱ्याला वीतभर जागा द्या, आणि ते मोबाइल खिशात ठेवा. देव तुमचे फोटो काढत नाही, तुम्ही त्याचे कशाला काढता?

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न घेऊन आलोय. सज्जन माणूस कुणाला म्हणायचं?

पुढच्या रांगेतनं उत्तर आलं — जो चांगलं वागतो तो! वा. मास्तर दिसताय. मग मास्तर, मला सांगा, एक माणूस वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस चांगला वागला आणि एक दिवस नाही वागला. तो कोण? आणि दुसरा एक, तीनशे चौसष्ट दिवस ओवाळून टाकलेला, पण एकच दिवस देवासारखा धावला. तो कोण? मास्तर आता खाली बघायला लागले. बघू द्या. प्रश्न परीक्षेला नाही, घरी न्यायला आहे.

पंचगंगेच्या काठाला एक गाव. नाव सांगत नाही, तुमचे पाव्हणे असतील तिथं, उगीच सोयरिकी मोडायच्या. त्या गावात कलगोंडा मगदूम नावाचा गुळव्या होता. गुळव्या म्हणजे? हल्ली गूळ दुकानातच उगवतो असं काहींना वाटतं, म्हणून सांगतो. गुऱ्हाळावर उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळतात. काहिलीखाली चुलवाण. खालच्या खड्ड्यात बसून चुलवाणात उसाची वाळली चिपाडं सारतो तो चुलव्या. आणि वर काहिलीपाशी उभा राहून, मळी काढत, बुडबुड्यांकडं बघत, 'आता उतरा' म्हणतो तो गुळव्या. लवकर उतरली तर गूळ बसत नाही. उशिरा उतरली तर करपतो. मधे वेळ किती? जांभई देऊन तोंड मिटेपर्यंत, तेवढा!

कलगोंडाअण्णा पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, दोन बोटांत त्याची गोळी फिरवायचा आणि सांगायचा. बावीस हंगाम झाले, त्याच्या हातनं एक काहिल करपली नव्हती. लांबलांबनं लोक गूळ बघायला यायचे आणि अण्णालाही बघून जायचे.

आणि नुसता हात चांगला नव्हता, माणूसही चांगला. त्याच्या गुऱ्हाळाचा नेम होता, इथनं कुणी कोरड्या तोंडानं जायचं नाही. वाटसरू असो, भिकारी असो, दुष्मन असो, तांब्याभर रस आणि गरम गुळाचा खडा हातावर पडायचाच. ऊसतोडीला बीडकडनं टोळ्या यायच्या, त्यांच्या बायका पाण्याला निघाल्या की अण्णा स्वतः हाक मारून रस द्यायचा. गाव म्हणायचं, अण्णा म्हणजे देवमाणूस. अण्णालाही ते पटलेलं होतं. चार लोक रोज तेच म्हणत असले की कुणाला पटणार नाही?

आता एक बारीक गोष्ट. पावसाळ्यात, गुऱ्हाळ बंद असताना, कुणी अण्णाच्या घरी विळा मागायला गेलं की विळा सापडायचा नाही. पहार मागितली तर ती भावकीत गेलेली असायची. पण ते कुणी मनावर घेत नव्हतं. देवमाणसाची पहार, असेल कुठं तरी.

मंडळी, माझा भाचा कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. त्याला मी ही गोष्ट सांगितली तर तो म्हणाला, मामा, यात नवल काय? गोड वास सुटलेला असला, मन प्रसन्न असलं, की माणूस पटकन मदत करतो. तोच माणूस घाईत असला की समोर पडलेल्याला ओलांडून जातो. असे प्रयोग झालेत म्हणे परदेशात. तो म्हणतो, तुम्ही कीर्तनकार ज्याला स्वभाव-स्वभाव म्हणता, त्यातला पुष्कळसा भाग हवापाण्याचा असतो. मी म्हटलं, मग मी पन्नास वर्षं लोकांना काय सांगतोय? तो म्हणाला, ते मला विचारू नका, तुम्ही वडील आहात.

तर, त्या गावची एक रीत होती. वर्षातनं एकदा, ग्रामदैवत सिद्धोबाच्या उत्सवाला, देवाची काहिल लागायची. प्रत्येक शेतातनं पाच-पाच ऊस यायचे. लहान शेतकरी, मोठा शेतकरी, सगळ्यांचा रस एका काहिलीत. त्या गुळाचा महाप्रसाद. आणि त्या दिवशी गुळव्यानं उपास धरायचा, ओल्या धोतरानं उभं राहायचं, आणि चुलवाण पेटल्यापासनं गूळ गार करायच्या वाफ्यात ओतेपर्यंत मौन! बोलायचं नाही, काहिलीपासनं हलायचं नाही. ही रीत कुणी घातली? कुणाला ठाऊक नाही. ज्या रीती कुणी घातल्या ठाऊक नसतं, त्या मोडायला माणूस सगळ्यात जास्त भितो.

ही गोष्ट मोबाइलच्या आधीची. दुपारचे तीन वाजलेले. अण्णा काहिलीपाशी उभा. सावलीत उत्सव कमिटीची माणसं बसलेली, मधोमध अध्यक्ष बापूसो चौगुले, फेटा बांधून. रंग बघा — बुडबुडे मोठे झाले, मग बारीक झाले, मग जाड झाले. अण्णाच्या मनात दुसरं काही नाही. सगळ्या गावाचा रस आहे, देवाचा गूळ आहे, तेविसावं वर्ष आहे. खाली खड्ड्यात दौलू चुलव्या. हा दौलू कसा? सकाळी पिणारा. कोंबड्या चोरणारा. बायको दोनदा माहेरी गेलेली आणि तिसऱ्यांदा न सांगता गेलेली. त्याला चुलवाणावर का ठेवला होता? तर गावात तेवढी आच दुसऱ्या कुणाला सोसत नव्हती.

अशात एक बाई पळत आली. ऊसतोडीच्या टोळीतली. नाव कडूबाई. पायात चप्पल नाही, पाचटानं पोटऱ्या कापलेल्या. तिनं कमिटीकडं बघितलं नाही. ती सरळ अण्णापाशी आली, कारण रोज रस देणारा माणूस तो होता.

म्हणाली, "अण्णा, मालकाला पान लागलंय. फडात पडलेत. आमची गाडी कारखान्याला गेली. तुमचा ट्रॅक्टर द्या."

पान लागलं म्हणजे साप चावला. नाव घेत नाहीत, म्हणून पान.

अण्णानं ऐकलं. मंडळी, इथं नीट लक्ष द्या, कारण पुढं जे झालं ते त्यानं दुष्टपणानं केलं नाही. ट्रॅक्टर पलीकडं उभा होता, किल्ली त्याच्याच करगोट्याला होती. पण गोळी यायला आली होती. त्याला वाटलं, पाच मिनिटं. काहिल उतरू दे, मौन सुटू दे, मग मी स्वतः घेऊन जातो. पाच मिनिटांत काय होतंय? आणि त्यानं पळी धरलेल्या हाताऐवजी दुसरा हात वर केला. थांब.

ती थांबली. खाली बसली, चिपाडांच्या ढिगाशी.

आणि सावलीतली कमिटी? त्यांनीही ऐकलं होतं की! दहा माणसं होती. दोघांच्या मोटारसायकली होत्या. प्रत्येकानं अण्णाकडं बघितलं. अण्णा शांत आहे. अण्णासारखा माणूस जागचा हलला नाही म्हणजे तसं काही जिवावरचं नसेल. आणि असलं तर अण्णा बघील. अण्णा काहिलीकडं बघत होता, कमिटी अण्णाकडं बघत होती, आणि ती बाई त्या सगळ्यांकडं बघत होती. साप चावलेल्या माणसाकडं बघायला कुणीच नव्हतं.

पाच मिनिटं झाली. गोळी फुटली. अजून थोडं. आणखी पाच झाली. पाकाचं असंच असतं, येतो येतो म्हणतो. अण्णा मनात सिद्धोबाला म्हणत होता, लवकर कर रे बाबा, बाई खोळंबलीय. बघा, मनात दयाही होती! अशी अर्ध्या तासाच्या आत-बाहेर वेळ गेली.

तेवढ्यात दौलू खड्ड्यातनं वर आला. कशाला? तंबाखूला. चुना संपला होता. तळहातावर तंबाखू घेऊन चुना शोधत होता, तर ही बाई दिसली. त्यानं विचारलं, काय गं, का बसलीयास? तिनं सांगितलं, अण्णा थांब म्हणालेत. कशाला थांब? मालकाला पान लागलंय म्हणून.

दौलूनं तंबाखू टाकून दिली. त्यानं आधी कधी टाकली नव्हती. तो अण्णापाशी गेला, करगोट्याची किल्ली ओढून काढली. अण्णाचा हात आपोआप पुढं आला — पण किल्ली वाचवायला नाही, पळी वाचवायला. दौलूला ट्रॅक्टर नीट येत नव्हता. त्यानं गुऱ्हाळाच्या मांडवाचा एक खांब पाडला, बाईला वर घेतलं आणि गेला.

आता चुलवाणावर कोण? कुणी नाही! आच पडायला लागली. देवाची काहिल आहे म्हटल्यावर बापूसो फेट्यासकट खड्ड्यात उतरले. उत्साही माणूस. चिपाडांच्या चार पेंड्या एकदम कोंबल्या. जाळ झाला तो असा की त्यांच्या भुवया गेल्या. अण्णा हातानं खुणा करतोय, पुरे, पुरे — बापूसोंना वाटलं, आणखी घाला म्हणतोय! वरनं आणखी दोन घातल्या. आणि बावीस वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. देवाची काहिल करपली. काळीठिक्कर. वास गावभर सुटला.

अण्णाचं मौन तिथंच सुटलं. पहिला शब्द काय निघाला ते देवळात सांगत नाही. दौलूच्या नावानं होता.

संध्याकाळपर्यंत गावात हेच — दौलूनं देवाची काहिल घालवली. दारुड्याला चुलवाणावर ठेवलं की दुसरं काय होणार? बापूसो भुवयांना खोबरेल लावून सांगत होते. साप चावलेला माणूस कुठं आहे हे विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही.

तो तालुक्याच्या दवाखान्यात होता. चौथ्या दिवशी कळलं, जीव वाचला. पाय नाही वाचला. गुडघ्याखालनं काढावा लागला. डॉक्टर दौलूला म्हणाले होते, अर्धा तास आधी आणलं असतं तर कदाचित पाय राहिला असता. दौलूनं ते गावात येऊन कुणाला सांगितलं नाही. फक्त अण्णाला सांगितलं, आणि तेही अण्णानं दोनदा विचारलं म्हणून.

अण्णा दवाखान्यात गेला. गुळाची ढेप घेऊन गेला. काय न्यावं हे त्याला दुसरं सुचलं नाही. खाटेवर तो माणूस झोपलेला, पांघरूण एका बाजूला सपाट. पायापाशी कडूबाई. अण्णा हात जोडून उभा राहिला. माफी कशी मागायची हे त्यानं वाटेत घोकलं होतं, ते सगळं विसरला. एवढंच म्हणाला, "बाई, तू दुसरीकडं का गेली नाहीस? मी नुसता हात केला होता."

कडूबाई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "दुसरा कुणी थांब म्हनला असता तर म्या गेलेच असते की, अण्णा. तुमी म्हनला म्हणून थांबले."

मंडळी, हे वाक्य अण्णाच्या अंगावर उकळत्या पाकासारखं पडलं. पाक अंगावर पडला की पाण्यानं धुऊन निघत नाही, चिकटून राहतो. त्याच्या चांगुलपणावर तिनं भरवसा ठेवला, आणि त्या भरवशापायी तिच्या नवऱ्याचा पाय गेला. तो वाईट म्हणून गावभर प्रसिद्ध असता तर ती त्याच्याकडं आलीच नसती! चार घरं पुढं गेली असती, दुसऱ्या कुणाची गाडी मिळाली असती.

अण्णाला जेवण जाईना. त्याची बायको आक्काताई म्हणाली, अहो, बावीस वर्षांचं पुण्य एका दुपारी जातंय होय? तो म्हणाला, पुण्य जातंय की राहतंय ते मरू दे. मला हे सांग, ते माझं होतं का? की गुऱ्हाळाच्या वासाचं होतं? आक्काताईला काही कळलं नाही. तिनं ताट झाकून ठेवलं.

शेवटी तो दौलूकडं गेला. दौलू ओसरीवर बसलेला, शुद्धीत. अण्णानं विचारलं, दौलू, एक सांग. तुझ्यात असं काय आहे जे माझ्यात नाही?

आता तुम्हाला वाटेल, दौलू काहीतरी मोठं बोलेल. गोष्टीत दारुडे शेवटी मोठंच बोलतात. दौलूनं चुन्याची डबी उघडली.

म्हणाला, "अण्णा, माझा हात मोकळा हुता. चुना शोधत हुतो. तुमच्या जागी मी असतो, समोर काहिल असती, तर मीबी थांबच म्हटलो असतो."

अण्णाला हे उत्तर आवडलं नाही. त्याला शिव्या हव्या होत्या. शिव्या खाऊन माणूस मोकळा होतो. हे उत्तर घेऊन त्याला घरी यावं लागलं.

इकडं गावाचं वारं फिरलं. तालुक्याच्या दवाखान्यातनं गोष्ट पसरत आली, कुणा डॉक्टरनं दौलूचं कौतुक केलं, आणि मग काय विचारता! ज्या गावानं त्याला कोंबडीचोर म्हटलं, त्या गावानं त्याला नारळ दिला, शाल दिली. बापूसोंनी भाषण केलं, दौलू हा मुळातच सज्जन, आम्ही ओळखलं होतं. भुवया अजून आल्या नव्हत्या. दौलूनं दारू सोडली. बायको परत आली. आणि पुढच्या उत्सवाला दौलूला महाप्रसादाच्या दाराशी उभा केला, छातीला बिल्ला, हातात शिट्टी. पंगती लावायचं काम.

उन्हाचे बारा वाजलेले. हजार माणूस. ढकलाढकली. दौलू शिट्ट्या मारतोय, लाईन लावतोय, घामाघूम. एक जोडपं आलं. बाप्याच्या काखेत कुबडी, एक पाय नाही. बाईच्या हातात नारळ. म्हणाली, दादा, देवाला नारळ द्यायचाय, आणि तुमाला भेटायचंय. दौलूनं बघितलंच नाही. म्हणाला, लायनीत या. ती म्हणाली, दादा, यांना उभं राहवत नाही. दौलू म्हणाला, सगळ्यांनाच गडबड हाय बाई, लायनीत. आणि शिट्टी मारली.

कोण होतं ते? सांगायला पाहिजे का? ज्याला स्वतः ट्रॅक्टरवर घालून नेला, त्यालाच उन्हात उभा केला!

अण्णा मंडपाच्या कडेला बसला होता. त्यानं हे सगळं बघितलं. तुम्हाला वाटेल, त्याला बरं वाटलं असेल, चला, हाही आपल्यासारखाच निघाला. खोटं कशाला बोलू, क्षणभर वाटलं. मग त्याला स्वतःची लाज वाटली. तो उठला, त्या दोघांना सावलीत आणून बसवलं, पाणी दिलं, आणि मग दौलूला हाताला धरून आणलं. दौलूनं कडूबाईला बघितलं, कुबडी बघितली, आणि छातीवरचा बिल्ला काढायला लागला. पिन निघेना. शर्ट फाटला.

कडूबाईच हसली. म्हणाली, राहू द्या दादा, गर्दी लई हाय.

त्या दिवशी अण्णाला उलगडा झाला. त्याला वाटत होतं, चांगुलपणा म्हणजे अंगातलं रक्त. असला की असतो, नसला की नसतो. आता त्याला दिसलं, तसं नाही. गुळव्याचा हात जसा पाकाला शिकतो, तसं चांगुलपणालाही शिकावं लागतं. आणि आपण अर्धवट शिकलोय. आपल्या हाताला द्यायला येतं. सोडायला येत नाही. रस देताना काहिल सोडावी लागत नव्हती, म्हणून आपण बावीस वर्षं उदार!

मग त्यानं काय केलं? शपथ घेतली? नाही. देवापुढं नाक घासलं? नाही. त्यानं आधी ट्रॅक्टरची किल्ली करगोट्यातनं सोडवून मांडवाच्या खांबाला खिळ्यावर अडकवली, कुणीही न विचारता न्यावी. मग गावातल्या तिघांना पाक ओळखायला शिकवलं. बावीस वर्षं ही विद्या त्यानं कुणाला दिली नव्हती, बरं का. रस सगळ्यांना, विद्या कुणालाच नाही! आणि तिसरी गोष्ट जी केली तिला गाव वेड म्हणालं. दर हंगामात, सगळ्यात चांगल्या उसाची एक काहिल लावायची. तिघा शिकाऊंना लांब उभं करायचं, मधे पडायचं नाही अशी ताकीद. पाक अगदी यायला आला, गोळी जमायला लागली, की अण्णा पळी खाली ठेवायचा आणि चालत रस्त्यापर्यंत जाऊन यायचा. येईपर्यंत काहिल करपलेली. दरवर्षी एक.

आक्काताई म्हणाली, अहो, चांगला गूळ जाळताय! तो म्हणाला, गूळ जाळत नाही, सोडायचा सराव करतोय. पहिल्या वर्षी त्याला जमलंच नाही. अर्ध्या वाटेतनं पळत परत आला आणि काहिल वाचवली. मग वाचवल्याबद्दल स्वतःला शिव्या दिल्या. दुसऱ्या वर्षी रस्त्यापर्यंत गेला, पण मान मागं वळवून वळवून दुखायला लागली. तिसऱ्या वर्षी सरळ गेला.

हसताय? हसा. पोहायला शिकायचं तर आधी विहिरीत उतरता की आधी पूर येतो?

चौथ्या वर्षी देवाच्या काहिलीचा दिवस. उपास, ओलं धोतर, मौन. कमिटी सावलीत. बापूसो लांब बसलेले, भुवया आता आलेल्या. पाक यायला आला. बारीक बुडबुडे जाड झाले. अण्णानं थेंब पाण्यात टाकला. आणि रस्त्यावरनं हाक आली — ओ पाव्हणं!

कोण होता, काय होता, दिसत नव्हतं. नुसती हाक. अण्णाच्या मनात काही यायच्या आधी पळी खाली गेली होती. मौन मोडलं. "आलो!" म्हणत तो ओल्या धोतरानं रस्त्याकडं धावला.

रस्त्यावर एक सायकलवाला उभा. धडधाकट. त्याला साप चावला नव्हता. काहीच चावलं नव्हतं. त्याला शिरोळचा रस्ता पाहिजे होता.

अण्णानं रस्ता सांगितला. डावीकडनं जा, पुढं वड लागेल, तिथनं उजवीकडं. परत आला तेव्हा कमिटी कपाळाला हात लावून बसलेली. शिकवलेले तिघे होते तिथंच, पण देवाच्या काहिलीला हात लावायची त्यांची छाती झाली नाही. काहिल करपली होती. बापूसो म्हणाले, अण्णा, देवाचा गूळ, आणि रस्ता विचारणाऱ्यासाठी?

अण्णा काहिलीच्या काठावर टेकला. दमला होता. म्हणाला, हाक ऐकल्यावर ती कसली आहे हे कळत नाही, बापूसो. गेल्यावरच कळतं.

आणि मग तो रडला. चार वर्षांपूर्वी रडायला पाहिजे होतं, ते त्या दिवशी रडला. दौलू खड्ड्यातनं वर आला आणि त्याच्याशेजारी बसला. त्या वर्षी गावानं महाप्रसादाला करपलेला गूळ खाल्ला. कडवट होता. कुणी तक्रार केली नाही, असं म्हणतात. मी त्या गावचा आहे म्हणून सांगतो, दोघांनी केली.

तर मंडळी, सज्जन कोण? भाचा म्हणतो, हवापाणी बघा. जुनी माणसं म्हणतात, अंगी गुण बाणवा. मला वाटतं, दोघांचं भांडण नाही. आपलं हवापाणी आपल्याला कुठं फसवतं ते ओळखायचं, आणि नेमकं तिथंच हाताला वळण लावायचं. कुणी गोड वासात चांगला असतो, कुणी हात मोकळा असला की. तुम्ही कशात चांगले आहात, ते मला नका सांगू. तुम्ही कशात थांब म्हणता? तेवढं शोधा. सासूला पाणी देताना मालिका चालू असली तर? दुकान बंद करताना गिऱ्हाईक लंगडत आलं तर? कीर्तनाला उशीर झाला असला तर?

...थांबा. पेटी थांबवा जरा.

हे मी सांगणार नव्हतो. पण अण्णा पळी ठेवून धावला हे सांगत होतो, तेव्हापासनं मला एक बाई दिसतेय डोळ्यांपुढं. आज येताना, कालव्याच्या पुलापाशी, रस्त्याच्या कडेला एक म्हातारं माणूस बसलेलं. डोकं गुडघ्यात. शेजारी एक बाई, तिनं आमच्या गाडीला हात केला. ड्रायव्हरनं ब्रेकवर पाय ठेवला. मी म्हटलं, चल, कीर्तनाला उशीर होतोय. मी मनात हेच आख्यान घोळवत होतो, मंडळी. यातला दौलू कसा रंगवावा, याचा विचार करत होतो.

त्याला तास होऊन गेला. तुमच्यापैकी त्या पुलावरनं कितीजण आलात? हात वर करा. लाजू नका, मी पहिला वर केलाय. ...बरेच आहात. मास्तर, तुम्हीसुद्धा? कुणी थांबलं का? कुणीच नाही. बुवांची गाडी पुढं गेली, म्हणजे तसं काही नसेल, होय ना?

माझं अजून अर्ध्या तासाचं निरूपण राहिलंय. राहू दे. आरती राहिलीय. समईत तेल आहे, ती थांबेल. इथं डॉक्टर कोण आहे? तुम्ही? उठा. रिकामी गाडी कुणाची आहे? ती काढा. कदाचित ती दोघं एव्हाना घरी जाऊन जेवत असतील. तर आपण हात हलवत परत येऊ. नसतील, तर — नसतील. चपला नंतर शोधा.

पेटीवाले, पाय घ्या. मला खाली उतरू द्या.